पाकीट बदललंय म्हणजे आत कायतरी केलंय

पलूस तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे: "आई आणि काकूंनी सुरू केलेला कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आता मी बघते. अर्धा किलो आणि एक किलो अशी पाकिटं असतात. आसपासच्या बाजारांत माल चांगला जातो. इन्स्टाग्रामवरून पुण्या-मुंबईच्याही ऑर्डरी येतात, लोक कौतुक करतात, पण दुसरी ऑर्डर फारशी येत नाही. एका एजन्सीने ग्राहकांशी 'भावनिक नातं' जोडून देण्याचं वर्षभराचं पॅकेज सांगितलंय. मोठे ब्रँड गिऱ्हाईक वर्षानुवर्षं धरून ठेवतात ते कसं? आम्हाला जमेल का?"

एजन्सीचं आधी सांगून टाकतो. यंदा नको. पुढच्या वर्षी बघू.

आता दुसऱ्या ऑर्डरीचा हिशेब करू. पुण्यातलं दोघा नवरा-बायकोचं घर धरा. आठवड्यातून चार वेळा भाजी-आमटीत तुमचा मसाला पडतो, दर वेळी लहान चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम. आठवड्याला वीस ग्रॅम झाले. अर्धा किलो संपायला पंचवीस आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ सहा महिने. तुम्ही दोन महिन्यांनी फोन उघडून बघताय की ऑर्डर का आली नाही. आली नाही कारण मसाला संपलेला नाही. आणि संपेल तेव्हा काय होईल तेही बघा. कांदा, लसूण, सुकं खोबरं, तेल असलेला मसाला सहा महिन्यांत आपला वास हरवतो, खोबऱ्याला खवट चव येते. म्हणजे तुमच्या मसाल्याची जी शेवटची आठवण त्या घरात राहते ती उतरलेल्या मालाची.

त्यात आणखी एक भानगड. पाकीट आलं की बाई ते फोडून बरणीत ओतते आणि पाकीट टाकून देते. तुमचं नाव पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलं. सहा महिन्यांनी तिला आठवतं ते एवढंच, की "ते सांगलीकडचं कुठलंसं काहीतरी होतं." नाव आठवत नसेल तर ती शोधणार काय?

तेव्हा बाहेरगावासाठी शंभर आणि दोनशे ग्रॅमची पाकिटं काढा. सोबत बरणीवर चिकटवायची चिठ्ठी द्या. तिच्यावर तुमचं नाव, कुटल्याची तारीख, फोन नंबर. एवढं करून मग बघा दुसरी ऑर्डर येते का. आमच्या धंद्यात 'ग्राहक एकनिष्ठ नाही' म्हणून जी रड असते ना, तिच्यातली निम्मी रड अशी वजनकाट्यावरच मिटते.

आता मोठा प्रश्न. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं या कामात आहे. सुरुवात सेल्समन म्हणून केली, एम-एटी गाडीवर नमुन्यांची पिशवी लावून कऱ्हाड-विटा-तासगावच्या दुकानांची लाइन फिरायचो. पुढे मसाल्याच्या एका कंपनीत मार्केटिंगला गेलो, आता सल्ला देतो. 'नातं' हा शब्द मी इतक्या मीटिंगांमध्ये ऐकलाय की तो कानावर आला की मी चहा मागवतो. तरी नातं असतं हे खरं. ते मला पहिल्यांदा दिसलं ते एका दुकानाच्या फळकुटापाशी, आणि तेही तुटताना.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी ब्याडगी मिरची कडाडली होती. आमच्या खरेदीवाल्यांनी मिश्रणात ब्याडगी कमी केली आणि गुंटूर वाढवली. ब्याडगीने रंग येतो, गुंटूरने तिखटपणा. ऑफिसात आम्ही दहा जणांनी चाखून बघितलं आणि 'फरक कळत नाही' असं लिहून सह्या केल्या. त्या दहांत रोज स्वयंपाक करणारं कोणी नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. मीच वर शहाणपणा केला. म्हटलं, याच वेळी पाकीटही नवीन करू, म्हणजे लोकांना काहीतरी ताजं वाटेल. चकचकीत पाकीट आलं, दुकानदाराला डझनामागे एक फुकट अशी स्कीम लावली आणि माल उडाला. तीन महिने आकडे झकास. ते आकडे दुकानांत भरलेल्या मालाचे होते. घरांत गेलेल्या मालाचे नव्हते.

चौथ्या महिन्यात माल परत यायला लागला म्हणून मी जुन्या लाइनवर गेलो. विट्यात एका ओळखीच्या दुकानात उभा होतो. एक वहिनी आल्या, आमचं पाकीट उचललं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं.

"ह्यो आमचा न्हाय."

दुकानदार म्हणाला, "वहिनी, त्योच हाय. नुसतं पाकीट बदललंय."

"पाकीट बदललंय म्हणजे आत कायतरी केलंय."

आणि त्या सुट्टी चटणी घेऊन गेल्या. आम्ही खरंच आत काहीतरी केलं होतं. ते दुकानदाराला माहीत नव्हतं. त्या गेल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, माझ्या शब्दावर ती सात वर्षं नेत होती. आता मी कुठल्या तोंडानं सांगू?"

तिथे मला कळलं की आपण ज्याला नातं म्हणतो ते म्हणजे काय. त्या वहिनी सात वर्षं पाकीट न दाबता नेत होत्या. तपासायचं काम त्यांनी आमच्यावर सोपवलं होतं. आयुष्यात हजार गोष्टी तपासाव्या लागतात: भाजी, दूध, पोरांची शाळा, गॅसची नळी. त्यातली एक यादीतून गेली, एवढंच ब्रँडने त्यांना दिलेलं. जाहिरातीतल्या आजीच्या मायेशी, चुलीवरच्या धुराशी त्याचा फार संबंध नसतो. ज्या दिवशी त्या पाकीट दाबायला लागल्या त्या दिवशी आमच्यात आणि सुट्ट्या चटणीत फरक उरला नाही, आणि सुट्टी चटणी स्वस्त होती.

आम्ही पुढे जुनं मिश्रण परत आणलं. दुकानांतला माल उचलला, दुकानदारांचे क्लेम पुरते चुकते केले, भाव वाढवला आणि तो का वाढवला हे पाकिटावर छापलं. सगळं व्यवस्थित झालं म्हणून सांगणार नाही. गेलेल्यांतले बरेच परत आले नाहीत, आणि माझी त्या वर्षीची वेतनवाढही आली नाही.

यातून तुमच्या कामाचं एवढं घ्या की मिरचीचा भाव वाढतोच, दर दोन-तीन वर्षांनी वाढतो. तेव्हा तुमच्यासमोर तीन वाटा असतात: माल हलका करा, वजन कमी करा, किंवा भाव वाढवा. पहिली वाट धरूच नका. दुसरी मोठमोठ्यांनी धरलीय. पार्ले-जीचा पाच रुपयांचा छोटा पुडा आठवा. किंमत वर्षानुवर्षं जवळपास जागची हलली नाही, ग्रॅम हळूहळू उतरले. त्यांना ते चाललं, कारण त्या पुड्याचं गिऱ्हाईक पाचाचं नाणं घेऊन येतं. त्याच्या लेखी पाच रुपये हा शब्द ग्रॅमांपेक्षा पक्का. शिवाय बिस्किटाची चव तीच ठेवली. पण तुमची गिऱ्हाईक मसाला चमच्याने मोजते, आणि आता पाकिटावर वजनानुसार एककाची किंमतही छापावी लागते, त्यामुळे कमी केलेले ग्रॅम लपत नाहीत. तुम्ही तिसरी वाट धरा आणि आधी सांगा. "यंदा ब्याडगी महाग मिळाली. मसाला तोच ठेवलाय, दोनशे ग्रॅममागे पंधरा रुपये वाढवले." बस. खाली फुलांचं चित्र नको.

चूक झाल्यावर काय करायचं, यावर मी तरुण मुलांना नेहमी दोन उदाहरणं देतो. पहिलं आपल्याकडचंच. ऑक्टोबर २००३, ऐन दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रात कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. कंपनीचा पहिला सूर असा होता की दुकानांत साठवण नीट होत नाही. असेलही तसं. पण दुकानदार हाच तर तुमचा तिथला चेहरा. त्याच्यावर बोट ठेवलं की तो गिऱ्हाइकाला काय सांगणार? प्रशासनानेही विचारलं की मग वेष्टन असं का, की ज्यातून किडा आत जातो? पुढे कंपनी वळणावर आली. 'विश्वास' नावाने मोहीम काढली, दुकानदारांना साठवणुकीचं शिक्षण दिलं आणि २००४च्या सुरुवातीला जाडसर, बंद वेष्टन आणलं. त्याचा खर्च जास्त होता, तो सोसला. अमिताभ बच्चन जाहिरातीत आले ते त्यानंतर. लोकांना अमिताभ आठवतो. मला ते वेष्टन आठवतं. वेष्टन बदललं नसतं तर अमिताभनेही काही झालं नसतं.

दुसरं मॅगीचं. २०१५च्या जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून देशभर बंदी आली. त्याआधीचे काही दिवस कंपनी 'आमच्या चाचण्यांत सगळं ठीक आहे' एवढंच तुटक बोलत राहिली, आणि त्या दिवसांत रस्त्यावर लोक पाकिटं जाळत होते. मग हजारो टन माल परत घेऊन नष्ट केला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला, पुन्हा चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत आली. आली ती खपली. कोणी म्हणेल, हेच ते प्रेम. मला त्यात होस्टेलच्या रात्रींची सवय जास्त दिसते, आणि कोर्टाचा कागदही. सवय ही फार मोठी ठेव असते, पण ती जमायला तीसेक वर्षं लागली होती. तुमच्याकडे तेवढी शिल्लक नाही. म्हणून तक्रार आली तर त्याच दिवशी फोन घ्या, आणि फोन तुम्ही घ्या, नाहीतर काकूंना घ्यायला लावा. काकू जास्त बऱ्या.

आता तुमच्या तालुक्याकडे येतो, कारण तुम्ही मोठ्या ब्रँडांची विचारपूस करताय आणि तुमच्या अंगणातच दोन आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तो बेळगावात, १९०३च्या सुमारास. शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. १९१०मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला खरा चमत्कार वाटतो तो पुढचा. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. सुरुवातीला ते कारखान्याचं, मालाचं, गिऱ्हाइकांचं वार्तापत्र होतं. हळूहळू त्यात शेतीपलीकडचं येत गेलं: उद्योग, समाज, रूढींवर टीका, व्यंगचित्रं. १९३०मध्ये 'स्त्री' मासिक निघालं, मग 'मनोहर'. नांगर विकणाऱ्या घराण्याचं मासिक ज्या घरांत कोणी नांगर धरत नव्हतं तिथेही वाचलं जाऊ लागलं. आज ज्याला 'कंटेंट' म्हणून दर पोस्टमागे पैसे मोजतात, ते माळावरच्या या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी केलं, आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या उपयोगाचं काहीतरी मिळेल अशा बेताने केलं. तुमची एजन्सी आठवड्याला पाच पोस्ट देणार म्हणते. त्यातली एक तरी अशी आहे का, की जी तुमचा मसाला न घेणारी बाईही जपून ठेवेल? पांढऱ्या रश्शाला कांदा-लसूण मसाला घालत नाहीत हे पुण्यातल्या नव्या सुनेला सांगा. कांदा किती भाजला म्हणजे कडवट होत नाही, ते काकूंच्या हातासकट दाखवा. शुभ सकाळ कोणी जपत नाही.

दुसरं भिलवडीचं. चितळ्यांची डेअरी १९३९ची, पुण्यातलं दुकान १९५०चं. दुपारी एक ते चार बंद, यावर पुणेकरांनी इतके विनोद केले की त्यांचाच एक उद्योग निघावा. आमच्या क्षेत्रातली पाठ्यपुस्तकं म्हणतात की गिऱ्हाइकाला नकार देऊ नये. इथे तर कुलूप लावून नकार दिला जात होता, आणि चारला रांग लागत होती. याचा अर्थ तुसडेपणा चालतो असा नाही (पुण्यात तसा अर्थ काढून दुकान बुडवलेले लोक मला माहीत आहेत). बाकरवडी काल होती तशीच आज, दुधाची पिशवी पहाटे ठरल्या वेळी, आणि बंद म्हणजे बंद हेही ठरलेलं. गिऱ्हाइकाला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, दोन्ही पक्कं माहीत होतं. २०१७ साली त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला घेतलं, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. दुकान उघडं राहणार याची बातमी!

एक कडू गोष्ट आता सांगायला हवी, नाहीतर मीही एजन्सीसारखाच झालो. गिऱ्हाईक तुमच्याशी एकनिष्ठ राहणार नाही. अँड्र्यू एरनबर्ग नावाच्या ब्रिटिश संशोधकाने घरोघरच्या खरेदीच्या नोंदींवर अनेक वर्षं काम केलं. निष्कर्ष असा, की लहान ब्रँडला दुहेरी फटका बसतो. घेणारे कमी असतात, आणि जे असतात तेही किंचित कमी वेळा घेतात. आणि कुठल्याही ब्रँडची बहुतेक गिऱ्हाइकं अधूनमधून घेणारी असतात, दोन-तीन ब्रँड आलटूनपालटून वापरणारी. मी हे स्वयंपाकघरांत डोळ्यांनी बघितलंय. आमच्या मसाल्याची तोंडभर स्तुती करणाऱ्या बाईंच्या फडताळात आमच्या शेजारी आणखी दोघे बसलेले असत, आणि वर माहेरची चटणी. माहेरच्या चटणीला हरवायच्या भानगडीत पडू नये. पॉइंट, कार्ड, 'खास सदस्य' यांनी जे आधीच घेत होते त्यांनाच सूट मिळते. अधूनमधून घेणारीला तुमची आठवण येईल तेव्हा माल हाताशी असणं, दुकानात फळीवर असणं, फोनवर एका निरोपात मागवता येणं, यावर पैसे लावा.

मोबाइल नंबरांबद्दल थोडं. तुमच्याकडे ऑर्डरींमुळे नंबर जमले असतील आणि एजन्सीने ते मागितले असतील. देऊ नका. गिऱ्हाइकांनी ते पार्सल पोचावं म्हणून दिले होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरा, बाकीसाठी विचारा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संकेतस्थळांवरच्या फसव्या युक्त्यांचे तेरा प्रकार नावानिशी मना केले: 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, बंद करता न येणारं सदस्यत्व. तुम्ही असलं काही करणार नाही, पण तुमच्या नावाने दुसरा कोणी करेल आणि शिव्या तुम्हाला बसतील. पार्सलमध्येच चिठ्ठी टाका: "वर्षातून दोनदा, नवीन मसाला कुटला की कळवू का? हो असेल तर या नंबरवर 'हो' लिहा." ज्या 'हो' लिहितील त्यांना दोनदाच कळवा. तिसऱ्यांदा दिवाळीच्या शुभेच्छाही नकोत.

पुढच्या महिन्यात मला तुम्ही काय करावं असं वाटतं ते सांगतो. डंकावर कुटायचं काम संपलं की एक शंभर पानी वही करा. प्रत्येक खेपेला तारीख, मिरची कुठली, कुणाकडून, किती, खोबरं कुठलं, हे काकूंना विचारून लिहा. आज हे सगळं त्यांच्या हातात आहे आणि हात म्हातारे होतात. चव दरसाल तीच ठेवायची तर आधी ती कशाने येते ते कागदावर पाहिजे. प्रत्येक खेपेतलं एक पाकीट न फोडता कपाटात ठेवा, आणि तीन व सहा महिन्यांनी उघडून वास घ्या. मग शेवटची वापरायची तारीख अंदाजाने न छापता वासाने छापता येईल.

मग एक आठवडा बाजारांत घाला. पाच दुकानं पुरेत. नमुने नेऊ नका, स्कीम बोलू नका, दुकानदाराशेजारी तासभर नुसतं उभं राहा आणि बायका पाकीट उचलतात तेव्हा हातांकडे बघा. सरळ पिशवीत टाकलं की दाबून बघितलं, याचे दोन रकाने करून रेघा मारा. परत आलेली पाकिटं दुकानात मागच्या फळीवर पडलेली असतात, दुकानदार लाजेने सांगत नाही. ती मागून घ्या, पैसे तिथल्या तिथे द्या, घरी आणा आणि काकूंसमोर फोडा.